२०२२ मध्ये एक्सबॉक्स घेतलेल्यांचा खरंच पोपट झाला होता का?

तुम्ही विचारलंय की मित्र एक्सबॉक्स सिरीज एस (मायक्रोसॉफ्टचा गेम खेळायचा कन्सोल) स्वस्तात देतोय, पण सगळे म्हणतात २०२२ मध्ये एक्सबॉक्सवर धड एक गेम आला नाही आणि घेणाऱ्यांचा पोपट झाला, तर तेव्हा ज्यांच्याकडे होता त्यांनी सांगा नक्की काय झालेलं.

माझ्याकडे होता. अजून आहे. पोपट झाला हे खरं, पण लोक सांगतात तसा नाही झाला, म्हणून जरा लांबण लावतोय, कंटाळलात तर एकदम शेवटी जा.

आधी माझं गणित सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. मी दापोलीच्या खाली किनाऱ्यावरच्या गावात राहतो, राहत्या घराचाच होमस्टे केलाय, चार खोल्या. दिवाळीपासून मे संपेपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. जून लागला की बोटी वर ओढतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, वरून पाऊस, आणि मग मी मोकळा. म्हणजे जगाचा गेमिंगचा सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि माझा जून ते गणपती. नोव्हेंबरात आलेला गेम मी नोव्हेंबरात कधीच खेळत नाही, फक्त डाउनलोड करून ठेवतो आणि रात्री भांडी आवरून झाली की अर्धा तास बघतो.

तर मार्च २०२२ मध्ये, शिमग्याच्या आधी, मी सिरीज एस घेतला. प्लेस्टेशन ५ तेव्हा मिळायचाच नाही, स्टॉक सुटला की काही मिनिटांत खलास, आणि मिळाला तरी ₹४९,९९०. सिरीज एस भारतात आला तोच ₹३४,९९० ला. पण खरं कारण पैसे नव्हतं, खरं कारण स्टारफिल्ड, अंतराळातला मोठा गेम. २०२१ च्या जूनमध्ये तो बनवणाऱ्या बेथेस्डाने ट्रेलर दाखवला आणि शेवटी तारीख टाकली ११-११-२२. ह्यांचा गाजलेला गेम स्कायरिम ११-११-११ ला आला होता, त्यामुळे ती तारीख बघून माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा आला. मला वाटलं एवढी ठरवून दिलेली तारीख म्हणजे भटजींनी काढलेला मुहूर्तच, आता काय मागेपुढे होत नाही.

१२ मे ला झालं. अंगणात मुंबईचे बारा जण जेवायला बसलेले, स्वयंपाकघरात गॅस संपला म्हणून मी सिलेंडर बदलतोय, आणि डोंबिवलीच्या दादाचा मेसेज, "तुझा नोव्हेंबर गेला रे." स्टारफिल्ड पुढे ढकलला, २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत येईल म्हणे, आणि सोबत रेडफॉल नावाचा दुसरा गेम पण तिकडेच. हे दोनच तर होते! ते गेले म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मोठ्या गेमचं २०२२ चं पान कोरं. आणि त्याच वर्षी जानेवारीत ह्यांनी गेम बनवणारी कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेतो म्हणून जाहीर केलेलं. म्हणजे दुकानं विकत घ्यायला पैसा आहे आणि फळीवर माल नाही.

समोर बघितलं तर प्लेस्टेशनवाल्या सोनीचं फेब्रुवारीत होरायझन फॉरबिडन वेस्ट, मार्चमध्ये ग्रॅन टुरिस्मो ७, नोव्हेंबरात गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक. निन्टेंडोचे तर पोकेमॉनच दोन वेळा, शिवाय कर्बी, स्प्लॅटून ३. दादाकडे प्लेस्टेशन ५. मी काय बोलणार.

आता असं का झालं तर एक कारण असं की २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोठार रिकामं केलेलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सायकोनॉट्स २, नोव्हेंबरात फोर्झा होरायझन ५, डिसेंबरात हेलो इन्फिनिट, मधे फ्लाइट सिम्युलेटर कन्सोलवर आला. सगळं एका वर्षात वाढून टाकलं आणि पुढच्या वर्षाचं पातेलं अजून चुलीवर चढलंच नव्हतं. कारण हे बहुतेक स्टुडिओ घेतले २०१८ मध्ये, ऑब्सिडियन, निन्जा थिअरी, इनएक्झाइल, कम्पल्शन वगैरे, आणि बेथेस्डा २०२१ मध्ये. आजकाल मोठ्या गेमला चार-पाच-सहा वर्षं लागतात, त्यात कोविडमध्ये सगळे घरून काम करणारे. मग २०१८ ला घेतलेली कलमं २०२२ ला धरणार कशी, आमच्याकडे हापूसचं कलम लावल्यावर पण चार-पाच वर्षं मोहोर खुडून टाकतात, झाड अंगाने भरू देतात. इथवर समजू शकतो. पण मग तारखा का देता? आमच्याकडे निदान मोहोर बघून बाग करारावर देतात, इथे तर नुसता ट्रेलर.

आणि तारीख चुकली म्हणून गप्प बसतील तर नाही. १२ जूनला मोठा शो केला आणि सुरुवातीलाच सांगितलं की आज दाखवतोय ते सगळं पुढच्या १२ महिन्यांत खेळायला मिळणार. मी बाहेर धो धो पाऊस आणि हातात चहा घेऊन बघत होतो, खूश झालो. त्यातला स्टारफिल्ड आला सप्टेंबर २०२३ ला, फोर्झा मोटरस्पोर्ट ऑक्टोबर २०२३ ला, आणि सिल्कसाँग, बसा खाली, सप्टेंबर २०२५ ला. तो ह्यांचा स्वतःचा गेम नव्हता हे मान्य, पण शोमध्ये लावला कोणी?

बरं आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. त्या वर्षी एक्सबॉक्सचे स्वतःचे म्हणून जे गेम आले ते बोटावर मोजण्याइतके, अ‍ॅझ डस्क फॉल्स, ग्राउंडेड, पेंटिमेंट. कोणी ह्यांच्यासाठी कन्सोल घेतला नव्हता. मी पण नाही.

अ‍ॅझ डस्क फॉल्स १९ जुलैला आला, म्हणजे बरोबर माझ्या सीझनला. १९९८ सालचं अ‍ॅरिझोना, एक कुटुंब प्रवासात एका मोटेलवर थांबतं, आणि तीन भाऊ चोरी करून पळताना तिथेच घुसतात आणि सगळ्यांना ओलीस धरतात. चित्रं हलत पण नाहीत धड, रंगवलेल्या चित्रांसारखी एकामागून एक बदलतात. मी म्हटलं हे काय. पण त्यात आठ जणांपर्यंत खेळता येतं आणि कंट्रोलर नसला तरी चालतं, मोबाईलवर अ‍ॅप टाकायचं, स्क्रीनवर प्रश्न आला की प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवरून मत द्यायचं, बहुमत होईल तसं गोष्ट पुढे जाते. आणि प्रत्येकाला मोजके व्हेटो असतात, एकाने व्हेटो टाकला की बाकीच्यांचं मत गेलं बाराच्या भावात.

तर पडवीत मी, बायको, आई, बाबा आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा. भाषा इंग्लिश, बायको भाषांतर करत होती, उत्तराला सेकंद कमी असायचे त्यामुळे तिची रेल्वे अनाउन्समेंटवाल्या बाईसारखी घाई. आईने आयुष्यात गेम खेळला नव्हता. मोटेल दिसल्यावर मात्र ती सरसावून बसली, कारण हा तिचाच धंदा. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "ह्या बाईने आधार कार्ड मागितलं नाही का ह्यांच्याकडे?" मी म्हटलं आई अमेरिका आहे, १९९८ आहे. "मग रजिस्टर तरी?" त्यानंतर तिला मोबाईलवरचा तो व्हेटो सापडला. दारात पोलीस, आत बंदुका, आम्ही चौघांनी एका बाजूला मत दिलेलं, आणि आईने शांतपणे बोट ठेवलं आणि सगळं उलटं फिरवलं. बाबा चिडून म्हणाले घरात पण हेच चालतं.

पुढच्या एका जागी, ऐन निर्णयाच्या वेळी, लाईट गेली. वरच्या वाडीत माड पडून तारा तुटलेल्या आणि डीपी उडालेला, वायरमन बिचारा छत्री घेऊन फिरत होता, दोन दिवस लाईट नाही. आणि ते दोन दिवस आमच्याकडे जेवताना विषय काय, तर त्या मुलीच्या बापाने काय करायला हवं होतं. आई मागच्या दारी शेजारणीला सगळी गोष्ट सांगत होती जशी काय आमच्याच गावात घडली. पाच वर्षांचं भांडवल ओतून केलेला कुठला अंतराळातला गेम हे करून दाखवेल असं मला वाटत नाही, पण ते असो. ह्या गेमला त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम्स फॉर इम्पॅक्ट'चं बक्षीस मिळालं. किती जणांना माहितीय?

हेलोचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. हेलो म्हणजे एका टीव्हीवर स्क्रीन अर्धी करून दोघांनी खेळायचा गेम, दादा आणि मी लहानपणी त्याच्या मित्राकडे डोंबिवलीत तसाच खेळलेलो. इन्फिनिट आला तेव्हा मोहिमेतलं, म्हणजे गोष्टीच्या भागातलं, को-ऑप (दोघांनी मिळून एका बाजूने खेळणं) नंतर देऊ म्हणाले. ऑगस्ट अखेर गणपतीला चाकरमानी आले, दादा आला, मी दुसरा कंट्रोलर आणून ठेवलेला, त्याला म्हटलं यंदा नाही तर दिवाळीला नक्की. गौरी यायच्या होत्या त्याच सुमाराला बातमी, मोहिमेतलं स्प्लिट-स्क्रीन को-ऑप रद्द. डिले नाही, रद्दच. ऑनलाईन को-ऑप नोव्हेंबरात दिलं, पण एका घरात बसलेल्या दोन माणसांना त्याचा काय उपयोग. आणि मजा म्हणजे नंतर लोकांनी मेनूमधला एक बग वापरून तेच स्प्लिट-स्क्रीन चालू करून दाखवलं आणि ते बऱ्यापैकी चालत पण होतं! दादा आठवडाभर मला, "काय मग, तुमच्याकडे काय आलं यंदा?" असं प्रत्येक आरतीनंतर विचारायचा. शेवटी रात्री भजन संपल्यावर गेमपासवरचा (महिन्याचं भाडं भरून गेम खेळायची एक्सबॉक्सची योजना) निन्जा टर्टल्स लावला, श्रेडर्स रिव्हेंज, दोन कंट्रोलर आणि सहा पोरं, हरेल त्याने पुढच्याला द्यायचा, पहाटे अडीचपर्यंत आरडाओरडा, मेंढीकोट खेळणारे काका लोक उठून आमच्या खोलीत आले.

गेमपासनेच वर्ष तारलं हे सांगायलाच हवं. त्याच वर्षी आपल्याकडे त्याचं अल्टिमेट नावाचं वरचं पॅकेज महिन्याला ₹६९९ वरून ₹४९९ वर आणलेलं, आणि त्यात ट्यूनिक, प्लेग टेल रिक्विएम, पर्सोना ५ रॉयल, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स, सगळं आलं. सोनीच्याच स्टुडिओने केलेला बेसबॉलचा गेम सुद्धा गेमपासवर पहिल्या दिवशी, हा विनोद मला फार आवडतो. म्हणजे कन्सोल धूळ खात पडला होता असं अजिबात नाही. दुसऱ्यांच्या घरचं जेवून आम्ही जगलो एवढंच. एल्डन रिंग पण एक्सबॉक्सवर होताच की, मी पहिल्या घोडेस्वारालाच पंधरा वेळा मेलो आणि नाद सोडला, तो भाग वेगळा.

ग्राउंडेड सप्टेंबरअखेर पूर्ण झाला, मुंगीएवढं होऊन परसात फिरायचं. कोळी फार भयानक आहेत, आमच्या न्हाणीघरात असतात तसेच, भाची घाबरली तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन कोळ्यांचे पाय काढून टाकता येतात हे कळलं. चांगला गेम.

आणि पेंटिमेंट. १५ नोव्हेंबर, म्हणजे स्टारफिल्डची मूळ तारीख उलटून चार दिवस. ऑब्सिडियनच्या डझनभर लोकांनी केलेला. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया, एक छोटं गाव, शेजारी मठ, तिथे हस्तलिखितं रंगवायला आलेला एक चित्रकार आणि एक खून. मारामारी नाही, नुसतं बोलणं आणि वाचणं, आणि जेवणं, प्रत्येक घरी बसून जेवायचं आणि ताटात कोणाकडे काय आहे ते बघायचं. माझा सीझन तेव्हा जोरात होता त्यामुळे रोज रात्री साडेअकराला अर्धा तास, असा दीड महिना पुरवला.

ह्यात प्रत्येक माणसाचं बोलणं वेगळ्या अक्षरात येतं. मठातले लोक जुन्या पोथीच्या अक्षरात, शेतकरी गिरबटलेल्या अक्षरात, छापखानेवाला बोलला की चक्क खिळे जुळवून छापल्यासारखं उमटतं. लेखणीचा करकर आवाज येतो, चुकलेलं अक्षर खोडून परत लिहिलं जातं, शाई आधी ओली दिसते मग वाळते. आणि एखादा माणूस तुम्हाला अडाणी वाटला आणि मग कळलं की हा शिकलेला आहे, तर त्याचं अक्षरच बदलतं. म्हणजे ते अक्षर त्याचं नाहीच, तुम्ही त्याला काय समजता त्याचं आहे. मला हे कळलं तेव्हा मी गेम थांबवून बायकोला उठवायला गेलो. आमच्याकडे आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत, कुळाच्या जुन्या भांडणाचे, आम्हाला कोणाला वाचता येत नाहीत, पण एका कागदावर अक्षर घोटीव आणि दुसऱ्यावर थरथरलेलं हे दिसतं. पुढे गेममध्ये करावरून आणि जंगलावरून गावकरी आणि मठ समोरासमोर येतात तेव्हा तर मला ते बव्हेरिया वाटेचना, कोकणातली जुनी खोती, म्हणजे खोताने कुळांकडून वसुली करायची पद्धत, वाटायला लागली. खोती रद्द करायचं बिल डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आणलं, ते आमच्या ह्याच पट्ट्यातलं दुखणं. खून कोणी केला हे गेम तुम्हाला ठामपणे सांगत नाही. तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो जातो, आणि मग वर्षं उलटतात आणि तुम्ही त्याच गावात परत येता. ह्यावर जास्त बोलत नाही, खेळा.

डिसेंबरात गेम अवॉर्ड्स आपल्याकडे ९ तारखेला सकाळी होते, मी नाश्त्याचे पोहे परतत मोबाईल डब्याला टेकवून बघत होतो. एक्सबॉक्सने स्वतःचं नवीन काही दाखवलंच नाही. आणि अमेरिकेत त्याच दिवशी, ८ डिसेंबरला, तिकडच्या सरकारी आयोगाने अ‍ॅक्टिव्हिजनची खरेदी थांबवायला दावा दाखल केला. वर्ष असं संपलं.

माझा खरा राग सांगू का, गेम नव्हते ह्याचा नाही. जे होते त्यांच्याबद्दल कंपनी स्वतःच तोंड उघडायला लाजत होती. पेंटिमेंटवर जेवढं बोलले त्याच्या दसपट जे झालंच नव्हतं त्याच्यावर बोलले. आणि मग ते झालेलं आलं २०२३ मध्ये. जानेवारीत हाय-फाय रश, तो जाहीर केला त्याच दिवशी दिला, ना तारीख ना ट्रेलर, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. मे महिन्यात रेडफॉल, ज्याच्यासाठी वर्षभर थांबलो, कन्सोलवर सेकंदाला तीसच फ्रेम, शत्रू भिंतीकडे तोंड करून उभे, एक्सबॉक्सचा तेव्हाचा प्रमुख फिल स्पेन्सरला येऊन माफी मागावी लागली. स्टारफिल्ड वाईट नव्हता, मी चाळीस तास खेळलो, पण अर्धा वेळ लोडिंगचे पडदे बघत होतो, आणि जहाजात भांडी रचून ठेवायचा नाद सोडला तर आज त्यातलं मला फार काही आठवत नाही. अ‍ॅझ डस्क फॉल्समधलं आईला अजून आठवतं. त्यामुळे कोणी २०२२ ला सगळ्यात वाईट वर्ष म्हटलं की मी म्हणतो ते रिकामं होतं, वाईट २०२३ चा मे होता. आणि २०२४ च्या मे मध्ये तर रेडफॉलवाल्या आर्केन ऑस्टिन स्टुडिओबरोबर हाय-फाय रशवाला टँगो स्टुडिओ पण बंद करायचं जाहीर केलं! नापास झाला त्याला पण घरी पाठवा आणि पहिला आला त्याला पण. नशीब की टँगोला नंतर क्राफ्टन कंपनीने उचललं.

आता तुमचा मुद्दा. २०२४ मध्ये एक्सबॉक्सने आपले गेम प्लेस्टेशनवर द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या काही महिन्यांत कोणते गेले बघा, पेंटिमेंट, ग्राउंडेड, अ‍ॅझ डस्क फॉल्स, हाय-फाय रश. म्हणजे त्यातले पहिले तीन तर २०२२ मध्ये ज्यांच्याकडे कोणी बघितलं नाही तेच. दादाने पेंटिमेंट प्लेस्टेशनवर घेतला आणि एका रात्री पावणेबाराला फोन, "अरे त्या अक्षराचं तुझ्या लक्षात आलं का?" मी म्हटलं दादा, तुमच्याकडे आत्ता आलं होय.

त्यामुळे ह्या गेमसाठी म्हणून सिरीज एस घ्यायची सक्ती आता राहिलेली नाही. गेमपासही तेव्हाएवढा स्वस्त राहिला नाही, त्याचं आजचं भाडं आधी बघा आणि वर्षाचा हिशोब मांडा. डिस्क लागत नाही, म्हणजे जुन्या डिस्क आणून खेळू हा विचार डोक्यातून काढा, सगळं डाउनलोड, आणि ५१२ जीबी म्हणतात त्यातले साधारण ३६४ हातात येतात, फोर्झा आणि हेलो टाकलात की जागेसाठी रडारड सुरू. नेट चांगलं असेल, घरात पोरंबाळं असतील आणि मित्र खरंच स्वस्तात देत असेल तर घ्या, मला चार वर्षांत एकदाही दुरुस्तीला न्यायला लागला नाही.

फक्त घेताना चालू करून बघा, कंट्रोलरची डावी काडी आपोआप सरकतेय का ते बघा, आणि मित्र आमच्यासारखा समुद्राजवळ राहत असेल तर मागे टॉर्च मारून एचडीएमआयच्या भोकात हिरवं धरलंय का तेही बघा. दुसरा कंट्रोलर असेल तर तो पण मागून घ्या.